तिसऱ्या रविवारची हरकत

न्हाणीघरातला नळ केव्हाचा वाहत होता आणि सगुणा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. पुढच्या खोलीत पाहुणे बसले होते, पेढे वाटून झाले होते, चहाचं आधण उकळून उकळून निम्मं झालं होतं... आणि ज्याच्या नावाचे ते पेढे, तो आतून कडी घालून पाण्याच्या आवाजाआड रडत होता. मुलगा एकोणतीस वर्षांचा झाला म्हणून काय झालं, त्याचं रडणं आईच्या कानाला चुकतं होय!

"जया, टाकी रिकामी होईल रे," ती हलक्या आवाजात म्हणाली.

नळ बंद झाला. जयप्रकाश बाहेर आला. डोळे लाल, ओठ दाबलेले.

"साबण गेला डोळ्यात," तो म्हणाला.

साबणाची वडी कोनाड्यात कोरडी ठणठणीत पडली होती. ती दोघांनाही दिसली, आणि सगुणानं टॉवेल पुढे केला.

त्या सकाळी चर्चमध्ये जयप्रकाशचं नाव पहिल्यांदा पुकारलं गेलं होतं. कॅथलिकांची ही जुनी रीत. लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार मिस्सा, म्हणजे उपासना, संपताना फादर वधूवरांची नावं वाचतात आणि वर सांगतात, या विवाहात कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर ती कळवणं हे त्याचं कर्तव्य आहे. एरवी त्या वाक्याकडे लक्ष देतो कोण? बायका घड्याळ बघतात, पोरं जांभया देतात, आणि लग्नघरची माणसं तेवढी मान ताठ करून बसतात. पण त्या रविवारी 'ठाऊक असेल तर' एवढे शब्द कानांवर पडले आणि सगुणाच्या बोटांतली जपमाळ आहे त्या मण्यावर थांबली. तिला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. आणि दोघं शेजारी शेजारी हात जोडून बसले होते!

तिचा नवरा जोतीराम साळवे म्हणजे वाशीच्या मराठी कॅथलिकांतलं मोठं नाव. नगरकडच्या मिशनच्या गावात त्याचे वडील धर्मशिक्षण देणारे मास्तर होते. तुर्भ्याच्या कंपनीत नोकरी करून जोतीराम निवृत्त झाला, सिडकोच्या तळमजल्याच्या घरात स्थिरावला, पण आजही त्याला कुणी नावानं हाक मारत नसे, 'मास्तरांचा मुलगा' हीच त्याची ओळख. प्रार्थनागट त्याच्या घरी भरायचा, वाद झाला की शेवटचा शब्द त्याचा.

सगुणाला असा काही मान नव्हता. तिला एकच सेवा होती आणि त्या सेवेवर तिचा सारा जीव. वेदीवरची वस्त्रं ती धुवायची. मिस्सेतली भाकरी आणि द्राक्षारस, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त, ज्या प्याल्यात, ज्या ताटलीत असतं, ती पुसायची ती पांढरी फडकी. त्यांचं पहिलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नसतं. न जाणो, एखादा कण, एखादा थेंब राहिला असेल... ते मातीला द्यायचं. म्हणून सगुणा ते पितळी वाटीनं मागच्या अंगणातल्या अनंताच्या बुंध्याशी ओतायची आणि मगच साबणाला हात लावायची. तिचा अनंत सगळ्या सेक्टरमध्ये दांडगा फुलायचा, आणि लोक विचारायचे, सगुणाबाई, खत कुठलं घालता?

आता जे तिला ठाऊक होतं, ते कसं ठाऊक झालं ते सांगायला हवं.

जयप्रकाश रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. शिफ्ट अडनिड्या वेळी असते म्हणून त्यानं घणसोली गावात खोली घेतली होती. आदल्या पावसाळ्यात त्याला टायफॉइड झाला. सगुणा डबा घेऊन गावठाणातल्या बोळातून वाट विचारत विचारत गेली, जिना चढली, तर दार उघडंच. चांगदेव म्हणून गावातलाच एक आगरी मुलगा, त्याच कारखान्यात फिटर, जयाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला चमच्यानं पेज भरवत होता. पेज हनुवटीवर ओघळली. ती त्यानं आपल्या शर्टाच्या बाहीनं टिपली, आणि जयानं डोळे न उघडता त्याचं मनगट धरलं. बस, एवढंच. पण लग्नाला तीस वर्षं होऊन गेलेल्या त्या बाईला बाळंतपणात नाही की दुखण्यात नाही, असं कुणी कधी टिपलं नव्हतं... ती उंबऱ्यातच थबकली. सगळं कळलं.

चांगदेव गडबडून उठला. "काकी, बसा ना. आताच दोन घास खाल्लान त्यानी. तुमाला पानी देऊ?"

ती बसली. पाणी प्याली. डबा तिथंच ठेवून घरी आली.

पुढे लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा जयानं स्वतःच बापाला सांगितलं. खोटं बोलायला शिकवलंच नव्हतं ना त्याला! "पप्पा, मी कुठल्याच मुलीशी लग्न करू शकत नाही. मी तसा नाही. माझं माणूस आहे, आणि तो चांगदेव आहे."

जोतीरामानं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. त्यानं फळीवरचं बायबल खाली काढलं, त्यावर आपला पंजा ठेवला आणि म्हणाला, "हे घराबाहेर गेलं, किंवा तू लग्नाला नाही म्हणालास, तर मी खाडीपुलावर जाईन. जाईन तो परत येणार नाही. शुभवर्तमानावर हात ठेवून सांगतोय."

जया पांढराफटक पडला. आणि सगुणा? सगुणा मूग गिळून बसली. तिची पहिली चूक ती. अबोली गायकवाडचं स्थळ आलं, मुलगी नर्स, सालस, हसरी. जयानं खाली मान घालून हो म्हटलं. बोलणी पक्की झाली.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एक शुक्रवार सगुणा कधी विसरली नाही. क्रुसाच्या वाटेची भक्ती संपवून प्रार्थनागट त्यांच्या घरी जमला होता. फादर लोपीस होते, वसईचे, शांत बोलणारे. अबोली वडिलांबरोबर आली होती. जया पाण्याचे पेले फिरवत होता. आणि गटातल्या शकुबाईनं चर्चच्या साप्ताहिकातली बातमी वाचून दाखवली. युरोपातल्या संसदेनं ठराव केलाय म्हणे, पुरुषाला पुरुषाशी, बाईला बाईशी लग्नाचा हक्क असावा, आणि रोमहून पोपसाहेबांनी त्याचा निषेध केलाय.

"शेवटचा काळ आला," शकुबाई कानांवर हात ठेवून म्हणाली. "सदोम नगरी जळाली ती काय उगीच?"

जोतीराम खुर्चीत पुढे सरकला. "विवाह हा संस्कार आहे. देवानं नर आणि नारी निर्माण केली. संसदेत हात वर करून तो काय बदलायचा आहे?"

"काका, संस्कार बदला असं मी म्हणत नाही," अबोली अदबीनं म्हणाली. "पण रोमनं धर्मशिक्षणाचं नवीन पुस्तक काढलंय, त्यातच आहे ना, अशा माणसांना आदरानं आणि करुणेनं वागवा म्हणून?"

"आहे," फादर म्हणाले. "ते संबंध चर्चला मान्य नाहीत, असंही आहे. आणि त्या माणसांचा अवमान करायचा नाही, असंही आहे."

"म्हणजे त्यांना घरात घ्यायचं की बाहेर उभं करायचं, ते एकदा नक्की सांगा ना फादर," शकुबाई म्हणाली, आणि सगळे हसले.

अबोली हसली नाही. "आमच्या वॉर्डात एक बाई आली होती, झोपेच्या गोळ्या खाऊन. नवरा तसा होता. घरच्यांनी दडपून लग्न लावलेलं. तिला इतकी वर्षं वाटत होतं, आपल्यातच काहीतरी उणं आहे. फादर, चर्च त्यांचं लग्न त्यांच्या माणसाशी लावत नाही, ठीक. पण मग दडपून एखाद्या मुलीशी लावलं, त्याला तरी संस्कार का म्हणायचं?"

जयाच्या हातातल्या ताटात पेले किणकिणले.

"भीतीनं दिलेली संमती ही संमतीच नव्हे, अबोली," फादर सावकाश म्हणाले. "चर्चचा कायदाच तसा आहे. असं लग्न लागलं तरी ते लागलेलंच नसतं."

"सगुणा, चहाचं बघ," जोतीराम म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर अबोली जयाच्या हातून पाण्याचा पेला घेत होती आणि लाजून त्याच्याकडे बघत होती. मुलगी सगळं बरोबर बोलली होती, फक्त कुणाबद्दल बोलली ते तिला ठाऊक नव्हतं!

ईस्टर झाला. पहिला रविवार पेढ्यांचा गेला. दुसऱ्या रविवारीही नावं वाचून झाली, आणि दुपारी अबोली एकटीच होणाऱ्या सासरी आली.

"काकू, मला वेदीची वस्त्रं धुवायला शिकवाल? तुमच्यानंतर मीच करणार ना."

दोघी मागच्या अंगणात बसल्या. सगुणानं फडकी पाण्यात बुडवली, हलकेच दाबली, वाटी तिच्या हातात दिली. अबोलीनं ते पाणी अनंताला घातलं, एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. मग वाटी मांडीवर ठेवून ती मातीकडे बघत बसली.

"काकू, एक विचारू? रागावू नका. ते माझ्याशी बोलतच नाहीत. फोन केला तर हं, बरं, एवढंच. सिनेमाला चला म्हटलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यात काही उणं आहे का?"

उणं! वॉर्डातल्या त्या बाईचा शब्द या मुलीच्या तोंडी लग्नाआधीच आला होता. सगुणानं तिला जवळ ओढलं, तिचं डोकं छातीशी धरलं आणि तिला एवढंच म्हणता आलं, "नाही गं माझे बाई, तुझ्यात काही उणं नाही."

अबोली गेल्यावर ती नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा. "अहो, हे लग्न थांबवा. त्या पोरीचा जीव जाईल."

जोतीरामानं वर्तमानपत्र खाली केलं नाही. "पूल लांब नाही, सगुणा."

तो आठवडा तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. जयानं नाही म्हटलं तर बाप खाडीत जाणार. खरी गोष्ट फुटली तरी जाणार. फादरांना एकट्यात गाठावं तर फादर जोतीरामाला बोलावून विचारणार, आणि मग त्यातलं एक काहीतरी होणारच. सगळीकडून बंद. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तिच्या डोक्यात फादरांचं तेच वाक्य फिरत राहिलं, भीतीनं दिलेली संमती ही संमतीच नव्हे... आणि शनिवारी केव्हातरी तिला वाट दिसली. भीती सांगायची होती. भीती कुणी घातली, ते खरं सांगायचं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी फादरांनी नावं वाचली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. ते पुढचा कागद उचलणार, तोच बाकांतून कुणीतरी उठून उभं राहिलं.

"फादर, माझी हरकत आहे."

साऱ्या माना वळल्या. वराची आई! फादर लोपीस दोन पायऱ्या उतरून खाली आले. "सगुणाबाई, आपण नंतर ऑफिसमध्ये बोलू."

"नाही फादर. नावं इथं पुकारली, तर हरकतही इथंच." तिनं पुढचं बाक धरलं. "माझ्या मुलाला हे लग्न नको होतं. मी त्याला धमकी दिली. म्हटलं, नाही म्हणालास तर खाडीत जीव देईन. शुभवर्तमानावर हात ठेवून म्हटलं. भीतीपोटी त्यानं हो म्हटलंय. भीतीचं हो म्हणजे हो नव्हे, असं तुम्हीच सांगितलंत."

"अगं पण पोरीत खोट काय काढली?" मागून शकुबाईचा आवाज आला.

"पोरगी सोन्यासारखी आहे. त्याला लग्नच करायचं नव्हतं. घरात सून हवी, ही माझी हाव. त्या मुलीची मी गुन्हेगार आहे."

फादरांनी जयाकडे बघितलं. "जयप्रकाश, हे खरं?"

जया उठला. त्यानं बापाकडे बघितलं, मग आईकडे. सगुणाची नजर त्याला विनवत होती, एक शब्द जास्त बोलू नकोस बाळा, तुझ्या आईची शपथ आहे... "भीतीनं हो म्हटलं, हे खरं आहे," तो कसाबसा म्हणाला आणि खाली बसला.

तिच्या शेजारी जोतीराम बसला होता. एक शब्द बोलला असता! एकदा मान वर केली असती! त्याची दातखीळ बसली होती, आणि ती तशीच राहिली.

लग्न मोडलं. अबोलीचे वडील मुलीचं मनगट धरून तिला ओढत बाहेर घेऊन गेले. जाताना ते सगुणासमोर थांबले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आई म्हणवता."

त्याच संध्याकाळी जोतीरामानं जयाची बॅग दारात ठेवली. "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." जया कामोठ्याला गेला, तिकडे तेव्हा चिखलात नुसत्या चार इमारती उभ्या होत्या. चांगदेवही गाव सोडून तिथं आला. खाडीपूल जिथल्या तिथं राहिला, त्यावर कुणी गेलं नाही.

सगुणानं त्यानंतर दोन गोष्टी केल्या. वेदीच्या वस्त्रांची पिशवी तिनं फादरांना परत नेऊन दिली. आणि ती कम्युनियन, म्हणजे ती पवित्र भाकरी, घ्यायची थांबली.

फादर तिला म्हणाले, "पापनिवेदनाला या सगुणाबाई, मन मोकळं करा." ती गेली नाही. तिच्या साध्या डोक्यानं धरलेला हिशेब सरळ होता. वेदीसमोर, साऱ्या मंडळींसमोर ती खोटं बोलली होती. जे सगळ्यांसमोर बोललं ते एकट्या फादरांच्या कानात कसं मिटेल? ते सगळ्यांसमोरच मागे घ्यायला हवं. आणि मागे घ्यायचं म्हणजे जोतीरामाचं नाव घ्यायचं... ते तिला करायचं नव्हतं. एखाद्या शहाण्या माणसानं तिला सांगितलं असतं, बाई, असं नसतं, देव एवढा अडून बसत नाही. पण त्यासाठी ती कुणाला विचारेल तेव्हा ना!

मग दर रविवारी तेच. नवऱ्याशेजारी ती आता बाकाच्या कडेला बसायची. कम्युनियनची रांग लागली की जोतीराम उठायचा, आणि त्याला जायला वाट मिळावी म्हणून ती गुडघे आखडून घ्यायची. तो जायचा, जिभेवर ख्रिस्ताचं शरीर घेऊन डोळे मिटून परत यायचा, आणि ती पुन्हा गुडघे आखडायची. बायका बघायच्या. बघा, म्हणायच्या, पापाची जाणीव आहे हो बाईला. शकुबाईनं तर तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, असं म्हटलं असतं, पण ख्रिस्ती घरात हळदीकुंकू कुठलं! तिच्याकडून नाताळचा फराळ यायचा बंद झाला, एवढं खरं.

घरात जोतीराम तिच्याशी कामापुरतं बोलायचा. कधी जेवताना तो घास हातात धरून तिच्याकडे बघत राहायचा, आणि तिनं वर बघितलं की पाणी मागायचा.

एकटी अबोली तेवढी एकदा आली. दारातच उभी राहिली. "काकू, तुम्ही मला वाचवलंत, ते कळतंय मला. कशातून, ते विचारत नाही." तिनं सगुणाचे हात डोळ्यांना लावले आणि ती निघून गेली. पुढं तिनं वेदीच्या वस्त्रांची सेवा मागून घेतली.

दोन पावसाळे गेले. सगुणाच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. हृदयाची झडप लहानपणापासूनच अधू होती म्हणे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. अबोली ड्यूटी संपवून यायची, इंजेक्शन द्यायची, उशा नीट करायची. तिनं कामोठ्याला निरोप पोचवला, पण जया दारापर्यंत येऊन परत गेला. बापानं पाऊल टाकू नको म्हटलं होतं, आणि त्या घरात बोललेला शब्द पाळायची सवय होती.

एके दिवशी फादर लोपीस आजाऱ्याचं कम्युनियन घेऊन आले. उशाशी पांढरं फडकं पसरलं, छोटी सोनेरी डबी उघडली. सगुणा त्या भाकरीकडे बघत राहिली. आणि मग तिनं मान भिंतीकडे वळवली.

"नको फादर. माझं एक फेडायचं राहिलंय."

फादर डबी मिटून म्हणाले, "रविवारी मिस्सा झाली की परत येतो."

ते गेल्यावर जोतीराम आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला.

"का छळतेस अशी? फादरांना सांगून टाक ना. पापनिवेदनातलं बाहेर जात नाही."

"सगळ्यांसमोर बोलले मी. सगळ्यांसमोर फेडायला हवं."

"मग सांग सगळ्यांना. घे माझं नाव."

"तुम्ही पुलावर जाल," ती म्हणाली. सहज म्हणाली, दूध उतू जाईल म्हणावं तशी.

जोतीराम तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू ढासळला. ही बाई दोन वर्षं उपाशी राहिली होती, रविवारमागून रविवार, आणि कशासाठी, तर तो जिवंत राहावा म्हणून!

"मी कधीच गेलो नसतो, सगुणा," तो पुटपुटला. "तुला कसं सांगू? मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. मी नुसतं बोललो होतो."

तिनं डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांतून पाणी कानावर ओघळलं. तो पुसायला पुढे झाला, त्याचा हात मध्येच अडखळला, आणि मग त्यानं ते आपल्या सदऱ्याच्या बाहीनं टिपलं.

रविवारी सगुणाजवळ अबोली बसली होती. मिस्सा सुटली आणि सगळ्यांच्या आधी शकुबाई धापा टाकत आत आली, आणि पलंगाशी बसकण मारून रडायलाच लागली.

"सगुणे, माझ्या तोंडात शेण घाल. अगं, कुणाकुणाची नावं पुकारली आणि तुझा नवरा उभा राहिला. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी इथं एक हरकत घेतली गेली, तिच्यात एक दुरुस्ती आहे. धमकी माझ्या बायकोनं नाही, मी दिली होती. माझं पाप तिनं पदरात घेतलं, आणि मी तिच्या गुडघ्यांवरून जाऊन कम्युनियन घेत राहिलो. कुणीतरी विचारलं, मुलाला लग्न का नको होतं मग? तर म्हणाला, ते त्याचं आणि देवाचं आहे. चर्चची शिकवण मी आजही मानतो, म्हणाला, पण मी माझ्या भीतीलाच शिकवण म्हणत आलो. आणि खाली बसला. आज कम्युनियनला उठला नाही बघ तो."

सगुणानं शकुबाईच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी फादर आले. त्यांच्यामागून जोतीराम आला, आणि त्याच्यामागे जया. बाप चर्चमधून तसाच रिक्षा करून कामोठ्याला गेला होता. जया आईच्या पायांशी कोसळला. त्याला उठवायचं बळ तिच्या हातांत नव्हतं, तिनं नुसती बोटं त्याच्या केसांत घातली.

फादरांनी तिचं पापनिवेदन ऐकलं. मग डबी उघडली. या वेळी तिनं मान वळवली नाही. ओठांत तो कण ठेवला गेला. फादरांनी आपली बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवली, पुसली, आणि वाटी फडक्यावर ठेवली. तिचीच ती पितळी वाटी.

जोतीरामानं ती उचलली. पाणी हिंदकळायला लागलं, त्याचे हात ठिकाणावर नव्हते. तो मागच्या दाराशी आला, तर अंगणात, फाटकाजवळ, जयाबरोबर आलेला चांगदेव उभा होता. आत या असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. चपला हातात धरून तो कोपऱ्यात थांबला होता.

पलंगावरून सगुणाला उघड्या दारातून फक्त नवऱ्याची पाठ दिसत होती.

"हे धर," जोतीराम म्हणाला. "माझा हात हलतोय. झाडाला घाल. गटारात नको."

चांगदेवानं चपला खाली ठेवल्या. त्या पाण्यात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं वाटी दोन्ही हातांनी घेतली, खाली बसला आणि अनंताच्या बुंध्याशी अगदी हळू ओतली. माती ते पीत होती, तो आवाज सगुणानं ओळखला. किती दिवसांनी ऐकत होती ती!

"वाटी कुठं ठेवू, काका?"

सगुणा दाराकडे डोळे लावून होती.

"आत घेऊन ये," तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला.

अनवाणी पावलं उंबरा ओलांडून आत आली. सगुणानं ती ऐकली आणि डोळे मिटले. दिवस मावळायच्या आत ती गेली.